चेंडूच्या माळावरची हाक

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि वाचून झाल्यावर माझा एक ठरलेला शेरा असतो - "पित्त झालं असेल." आमची ही हसते. उभी हयात कालव्याच्या नोकरीत गेली, स्मशानाच्या कडेने सायकल हाणली, ओसाड बंगल्यांत एकट्याने मुक्काम केले... कधी काही दिसलं नाही की अंगावर काटा आला नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही धड बसत नाही. पण एक गोष्ट आहे. हिलासुद्धा ती मी अर्धीच सांगितलीय. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून इथे पूर्ण लिहितो. आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची, लख्ख उन्हातली.

तीस सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्यावर मी ओव्हरसियर होतो. अंथुर्ण्याच्या अलीकडे कालव्याचा इन्स्पेक्शन बंगला होता आणि बंगल्यासमोर मोठा सरकारी माळ. कालव्यावरच्या जुन्या साहेब लोकांनी त्या माळावर नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान आखलं होतं. गावकरी त्याला चेंडूचा माळ म्हणत. हिरवळ कुठली आणायची आपल्याकडे? खड्ड्याभोवती तेल मिसळलेली वाळू पसरून गोल चौथरे केलेले. त्यांना 'ब्राऊन' म्हणायचे.

या मैदानाची खासियत म्हणजे फाटकावरची पाटी. इंग्रजी आणि मराठीत - 'सर्वांस खेळण्यास मोकळे'. हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं हो! बारामतीचे दोन वकील यायचे, गुरांचे डॉक्टर यायचे, अंथुर्ण्याचे मास्तर धोतराचा काष्टा घट्ट खोचून असा टोला हाणायचे की साहेबांनी टाळ्या वाजवाव्यात. मी नोकरीला नवा लागलो तेव्हा तिथेच उसन्या काठीने खेळायला शिकलो. सायबाच्या शेजारी उभं राहून, त्याच्या वाळूवर, त्याच्याच खेळात त्याला हरवायचं... त्या वयात ते केवढं मोठं वाटायचं!

मग माझी बदली झाली. पाच वर्षांनी परत आलो तर माळ ओळखू येईना. वरच्या अंगाला ऊस वाढला होता, त्याचं पाणी खाली पाझरून सात, आठ, नऊ नंबरच्या जमिनीवर मिठासारखा पांढरा खार फुटला होता. बाकीच्या ब्राऊनवर कुसळं आणि बाभळीची रोपं. पाटी कुणी तरी गोठ्याला लावायला नेलेली. का बंद पडलं म्हणून विचारलं तर जो तो म्हणे, "पडलं बंद." जुना जमादार धोंडीतात्याही नोकरी सोडून त्याच्या गावी, जळोचीला गेला होता.

त्या थंडीत नवे इंजिनिअर साहेब आले. इंग्रज, पण पायी फिरणारा माणूस. माळ बघून मला म्हणाले, "होळीच्या आत हे मैदान उभं राहिलं पाहिजे. आणि पाटी पुन्हा लावायची. तीच, सगळ्यांसाठी." मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी जाऊन सांगून आलो.

अकरा बायका कामावर लावल्या. मुकादमीण कोंडाबाई, वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. त्यांत हौसा नावाची तरणी बाई होती, तिची दीड-दोन वर्षांची मुलगी छबी. तिसऱ्या ब्राऊनपाशी, कालव्याच्या भरावाला लागून, एक मोठी बाभूळ होती, तिला झोळी बांधून हौसा पोरीला निजवायची आणि कुसळं खणायची.

सहाव्या दिवसाची गोष्ट. भाकरी खाऊन सगळ्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. मी टेप धरून तिसऱ्या ब्राऊनचा घेर मोजत होतो. वारा पडलेला. आणि हाक आली -

"फोऽऽऽर!"

स्वच्छ, लांब, बाईच्या गळ्यातली. पहिल्या टोल्याच्या ओट्याकडून.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारलेला चेंडू माणसांच्या दिशेने निघाला की खेळणारा 'फोर' म्हणून ओरडतो. म्हणजे, जपा, चेंडू येतोय. तो चेंडू दगडासारखा कठीण असतो. तर मी खेळाडूने करायचं तेच केलं. टेप टाकून मटकन खाली बसलो, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि चेंडू पडायची वाट बघू लागलो.

चेंडू पडला नाही. मान वर केली तर अकराच्या अकरा बायका कुदळी टाकून पळत सुटलेल्या! हौसा सगळ्यांत पुढे. झोळीपाशी पोचली, झोळी उपसली... रिकामी. तिने जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. मग कोंडाबाई कालव्याच्या भरावावर चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. मीही धावलो.

भरावापलीकडे धुणं धुवायच्या पायऱ्या होत्या. अगदी खालच्या पायरीवर छबी बसली होती. दोन्ही पाय पाण्यात. कालवा भरून चाललेला, तिच्या झबल्याची कड पाण्याने ताणली होती आणि पोर हसत तिकडे झुकत होती. कोंडाबाईने तिला दंडाला धरून वर ओढलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर... नको.

हौसा पोरीला छातीशी धरून तिथेच बसली. रडून झालं, पाणी पिऊन झालं. मग कोंडाबाई म्हणाली, "पर पैल्यांदा बघितलं कुनी गं? हाळी कुनी दिली?"

"तूच की," दोघी-तिघी म्हणाल्या.

"म्या? म्या तर खाली मान घालून खनत हुते. माला वाटलं हौसाच वरडली."

"मी न्हाय वो," हौसा म्हणाली. "मी आयकलं नि पळाले."

एकेकीला विचारून झालं. अकरा जणी, अकराही जणींनी ऐकलेलं, आणि एकीनेही हाक मारलेली नाही. मी विचारलं, "तुम्ही नक्की काय ऐकलंत?"

कोंडाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "काय म्हंजी? 'पोर' आसं वरडली की कोन तरी. 'पोऽऽर!' म्हनून तर पळालो."

मी ऐकलं 'फोर', त्यांनी ऐकलं 'पोर'. मला खेळ येत होता म्हणून मी डोकं झाकून बसलो. त्यांना येत नव्हता म्हणून छबी वाचली.

मी बंगल्यावर जाऊन आलो. साहेब बारामतीला गेलेले, खानसामा ओसरीवर घोरत होता. बाई माणूस कुणीच नाही. मग मी पहिल्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो, जिथून हाक आली होती तिथे. कालव्याचा भराव पुरुषभर उंच. त्या ओट्यावरून पायऱ्या दिसतच नव्हत्या. म्हणजे तिथे कुणी खरोखर उभं असतं, तरी त्याला पोर दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी कामाला येताना बायकांनी नारळ आणि हिरव्या बांगड्या आणल्या. मला वाटलं बाभळीपाशी ठेवतील, नाहीतर पायऱ्यांपाशी. पण कोंडाबाईने ते सगळं माळामधून जाणाऱ्या पायवाटेवर ठेवलं, ओट्याच्या बरोब्बर समोर.

"इथे का?"

"ते तात्याला इचारा, सायेब," ती म्हणाली. "आमी सांगायचं न्हाय ते."

रविवारी सायकल काढली. काटेवाडी मागे टाकून जळोचीला पोचलो तेव्हा धोंडीतात्या लेकाच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होता. मला बघून उठला, रामराम घातला. मी सगळं सांगितलं. त्याने मधे एकच प्रश्न केला.

"आवाज बाईचा का बाप्याचा?"

"बाईचा."

त्याने हातातली जुडी खाली ठेवली.

"तुमची बदली झाली त्याच्या म्होरल्या वर्साची गोष्ट," तो म्हणाला. "लांबनं एक पावना आला हुता खेळाया. अंथुर्ण्याची सखू, भाकरीची पाटी डोक्यावर घिऊन वाटंनं चालली हुती. पावन्यानं टोला हानला, चेंडू निघाला तिरपा. हाळी द्यायचं काम माजं. म्या दिली. बेंबीच्या देठापासनं दिली, फोर म्हनून. ती खाली बसती तर चेंडू वरनं गेला आसता, सायेब. पर ती थांबली. मान वर केली. मागं वळून बघाया लागली, पोर कुठं हाय म्हनून."

"आणि?"

"हितं लागला." त्याने कानशिलाला हात लावला. "तिसऱ्या दिशी गेली. शुद्धीवर आली हुती मधी एकडाव. म्या जवळ बसलो हुतो. माला इचारलं तिनं, 'तात्या, कुनाचं पोर वो? घावलं का?'"

मी विचारलं, "तिला मूलबाळ?"

"न्हाय. लगीन हून सात वर्सं झालती, पर न्हाय." त्याने पुन्हा मेथी हातात घेतली. "त्या दिसापासनं त्यो शबुद म्या तोंडातनं काढला न्हाय. माळावर पाय ठेवला न्हाय. आन् आता तुमी म्हनता, आवाज बाईचा हुता."

निघताना म्हणालो, "तात्या, मैदान पुन्हा सुरू होतंय. एकदा या बघायला." तो नुसता हात जोडून उभा राहिला.

काम होळीला नाही, पण गुढीपाडव्याला झालं; भर दुपारी माळावर काम करायला बायका आता तयार नव्हत्या. सहाच खड्डे उभे राहिले, खार फुटलेले तीन सुटले ते सुटलेच. उशीर का झाला याचं कारण साहेबांना लिहून द्यायचं होतं. मी 'मजुरांची टंचाई' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पायवाट मात्र मी माझ्या जबाबदारीवर माळाच्या बाहेरून वळवून घेतली. आणि पाटीखाली एक ओळ घातली, की या मैदानावर इशारा मराठीतून द्यावा, 'बाजूला व्हा' म्हणून. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "लोकांना कळायला सोपं." त्यांना पटलं.

एक हंगाम छान गेला. मास्तर आले, वकील आले, साहेब धापा टाकत 'बाजूला व्हा'चा सराव करायचे आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग साहेब बदलून गेले. नंतरच्यांना त्या खेळात रस नव्हता. खार चढत चढत सहाव्या खड्ड्यापर्यंत आला, वरून ऊस आत सरकला. मैदान राखावं, खाराच्या जमिनीत चर खणून पाणी काढून द्यावं, म्हणून मी दोनदा अर्ज केले. उत्तर आलं नाही. तिसरा अर्ज लिहून ठेवला होता, तेवढ्यात माझीही बदली झाली.

हिला मी इथवरच सांगितलंय. पुढचं आज पहिल्यांदा लिहितोय.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, मी एकटाच माळावर गेलो. एक शेवटचा टोला मारावा म्हणून. चेंडू ठेवला, काठी उचलली. अजून ती चेंडूला लागलीसुद्धा नव्हती... आणि तीच हाक आली. या वेळी लांबून नाही. माझ्या मागून, चार-पाच हातांवरून.

वळलो. कुणी नव्हतं.

या वेळी मी डोकं झाकून बसलो नाही. काठी टाकली आणि पळालो. आधी पायऱ्यांवर. कालव्याला पाणी होतं, पायऱ्या कोरड्या, कुणाच्या पावलाची ओल नाही. बाभळीखाली गेलो. उसाच्या सऱ्यांमधून वाकून बघत फिरलो, पाचटाने हात-तोंड ओरबाडून निघालं. बंगल्याची विहीर पाहिली. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मग गावात जाऊन घरोघर विचारलं, "कुणाचं पोर हरवलंय का?" लोकांना वाटलं ओव्हरसियरचं डोकं फिरलं. सगळ्यांची पोरं घरात होती. सकाळची गाडी मी सोडून दिली आणि पुन्हा दुपारपर्यंत शोधत राहिलो.

काही मिळालं नाही.

पहिल्या हाकेचं निदान कारण तरी कळलं. हाक कुणाची, हे नाही कळलं, पण कारण कळलं. दुसऱ्या हाकेचं मला आजतागायत कळलेलं नाही. पित्त म्हणून बघितलं, उन्हाचा भास म्हणून बघितलं... मनाला पटत नाही. चाळीस वर्षं झाली. दुपारी पडलो की एकच विचार येतो, की त्या दिवशी माळावर कुणाचं तरी पोर होतं, आणि ते मला सापडलं नाही.