कोलंबोची तार

हे मी हौसाला सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्नच आला नाही. ती जाऊन आता पाच महिने झाले. तुम्हाला सांगतो — तुम्ही तिला ओळखत नव्हता, म्हणून कदाचित जमेल.

चाकणच्या बाजारात मी एका कांद्याच्या अडत्याकडे कारकून होतो. मॅट्रिक झालेला तिथे मी एकटाच. इंग्रजी पत्रं, तारा मीच वाचायचो. आमचा कांदा मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत कोलंबोला जायचा. तिकडे गच्च, मध्यम, एकसारखा कांदा लागे. तो निवडायला वाडीवरच्या दहा-बारा बायका येत. हौसा त्यांच्यातलीच. ती कांद्याकडे बघायचीसुद्धा नाही. हातात घेतला की बोटांनाच कळायचं — हा कोलंबोचा, हा पुण्याचा.

त्या हंगामात तिकडच्या सरकारचं ठरेना. बाहेरचा माल येऊ द्यायचा की नाही? परवाने मिळणार, मग मिळणार नाहीत, मग बघू. तिकडचं ठरेना म्हणून इकडचंही सरकार काही बोलेना. मुंबईचा व्यापारी थांबला, म्हणून आमचे शेठ थांबले, म्हणून निवडणाऱ्या बायका घरी बसल्या, आणि त्या बसल्या म्हणून वाडीवरच्या वाण्यानं माल भरणं सोडलं. समुद्रापलीकडे कुणीतरी एक कागद सही न करता नुसता ठेवून दिला होता — आणि इथे लुगडं आत्ता घ्यावं की पुढच्या बाजारी, हे कुणाला ठरवता येत नव्हतं. मला हे सगळं तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं कसं म्हणू?

काम बंद असलं की बायकांची एक रीत होती. रोज एकीनं बाजारात येऊन विचारून जायचं. बाकीच्यांनी तिच्या निरोपावर आपला दिवस ठरवायचा. त्या खेपेला हौसा यायची. सकाळी नऊच्या सुमाराला वखारीच्या दारात उभी राहायची.

"दिवाणजी, कोलंबोचं काय?"

"अजून नक्की नाही."

"मग तुमी नुसतं बसून पगार खाताय म्हना की."

हसायची आणि जायची. एवढंच. मी दुसऱ्या दिवशीच्या नऊची वाट बघत बसायचो.

मग एका दुपारी तार आली — या हंगामातली कोलंबोची खरेदी बंद. शेठना वाचून दाखवली. ते 'बरं' म्हणाले आणि बटाट्याच्या सौद्याला निघून गेले. बायकांना कळवायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी हौसा आली ती हसली नाही. तिचा भाऊ चिंचवडला रेडिओचे भाग जुळवायच्या कारखान्यात होता. तिथे बारीक कामाला बायका हव्या होत्या. त्यानं बहिणीसाठी शब्द टाकला होता. सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं.

"आईला सोडून जायाचं जिवावर येतं," ती म्हणाली. "हितलं चालू होनार असंल तर न्हाई जात मी. तुमी सांगाल तसं."

तार माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

"अजून नक्की नाही," मी म्हणालो. "आठवडाभर थांबून बघ."

सोमवार गेला. ती जागा तिच्या भावजयीला मिळाली. वाडीवरच्या बाकीच्या बायकाही माझ्या शब्दावर, दुसरं काम न बघता, बसून राहिल्या. आणि ती येत राहिली — रोज, नऊ वाजता, दारात. ते दिवस... काय म्हणू त्यांना? सुखाचे. हो, सुखाचेच. आठवडा भरल्यावर मी सांगितलं, कालच तार आली.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. शेजारणींना ती सांगायची, "आमचं लगीन कोलंबोच्या सरकारनं जमवलं." सगळ्या हसायच्या. मीही हसायचो.

नंतर चाकणच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जाऊ लागल्या. खिडक्यांत डबे घेतलेल्या, बिल्ला लावलेल्या बायका. हौसा भाजीची पिशवी घेऊन थांबायची, बस दिसेनाशी होईपर्यंत. बऱ्याच वर्षांनी रेडिओवर बातमी आली, तिकडे आता आयात खुली. तोवर संधिवातानं तिचे हात धरले होते. "आता व्हय?" ती म्हणाली. "आमची बोटं आखडली तवा."

शेवटच्या आजारात तिचा हात माझ्या हातात होता. एकदम म्हणाली, "ती तार सोमवारच्या आदी आली असती तर वो?"

सांगायला तेव्हा काय हरकत होती? आम्ही दोघंच होतो.

"त्यांचंच काही नक्की नव्हतं गं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "त्यांचा तरी काय दोष."

सकाळचे नऊ वाजले की अजून मी दाराकडे बघतो.