एसटीतला थर्मास

भोर-पुणे एसटीत ती संशोधक मुलगी रोज माझ्या शेजारी बसते. शरीरातली प्रथिनंही लोखंडासारखी गंजतात म्हणते, आणि प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडनं, म्हणजे विजेच्या टोकानं, तो गंज मोजते. ती टोकं आठाच्या आकारात घासून साफ करायची इतकी सवय, की बोलतानाही तिचं बोट मांडीवर आठाचा आकडा गिरवत असतं.

काल गाडी स्टँडवर उभी असतानाच मी चहा समजून तिच्या थर्मासचं झाकण फिरवलं. तिनं माझा हातच धरला.

"काकू, नको! आईचा मोतीबिंदू आहे त्यात. डॉक्टरांकडून मागून घेतलाय, गंज मोजायला."

मी झाकण परत घट्ट लावलं.

तिला सोडायला आलेली तिची आई खिडकीखाली उभी होती, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. "दाव बरं मला."

लेकीनं थर्मासमधल्या बर्फातली कुपी काढून खिडकीशी धरली. म्हातारीनं चष्मा वर केला.

"येवडा पिवळा? आन् मला वाटायचं, पोरी, तूच पिवळी पडलीस."