खिडकीवरची चादर

सातवीच्या मुलींना मी सूर्य शिकवायचे. पंधरा कोटी किलोमीटर दूर, पृथ्वीसारखे तेरा लाख गोळे मावतील एवढा मोठा, आणि त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात. मुली म्हणायच्या, बाई, सोलापूरला मात्र तो जवळच असणार. मीही हसायचे.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. आई सांगोल्याकडच्या गावाहून बाळंतपणाला आली आणि आल्या आल्या तिने खोलीचा ताबा घेतला. एकुलत्या एका खिडकीला जाड चादर ठोकली. बारशापर्यंत बाळाला ना ऊन, ना वारं. आत शेगडी आणि मिणमिणता दिवा. रोज ती बाळाला हळद घातलेलं पीठ लावून न्हाऊ घालायची. सातव्या-आठव्या दिवशी मला लेक पिवळी वाटली. आई म्हणाली, हळदीचा रंग आहे, जाईल. बाळ दिवसभर झोपायचं, धड प्यायचंही नाही. गुणी पोर, अजिबात रडत नाही, असं आम्ही दोघी कौतुक करत बसलो.

बारशाच्या सकाळी नणंद तिला घेऊन अंगणात गेली आणि तशीच मागे फिरली. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं होतं. डोळ्यांत कोणी हळद घालत नाही. रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, कावीळ मेंदूत गेली आहे, उजेडात बघितलं असतं तर वेळेवर कळलं असतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

त्यानंतर महिनाभर आई माझ्याकडेच राहिली. गावी परत जायच्या दिवशी पिशवी भरता भरता म्हणाली, "मी अडाणी बाई. मला न्हाय कळलं. पर तू तर पोरींना उनाचं समदं शिकिवतीस की. खिडकी उघड, असं का न्हाय म्हणालीस गं?"

दोष द्यायचा तिचा हेतू नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुला वाईट वाटलं असतं, असं मी सांगितलं.

ते खोटं होतं. शाळा, घर, पहाटेचं पाणी भरणं यांत मी इतकी दमले होते, की त्या उबदार अंधारात आईच्या हातचं खाऊन पडून राहण्यात मला सुख वाटत होतं. खिडकी उघडली असती तर मला उठावं लागलं असतं.