विमलची चाल

समस्त सातारकर, कॅरीकर आणि या दोहोंच्या मध्ये कुठंतरी लोंबकळणाऱ्या आप्तेष्टांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, आमच्या घराण्याची एकमेव कलाकृती, अर्थात ‘विमलची चाल’, आमच्या घराण्याची नाही. दुखवटा पाळू नये. फुलं पाठवू नयेत. आणि खुद्द विमलबाईंना, म्हणजे माझ्या आईला, सांत्वनाचा फोन तर मुळीच करू नये. तो उद्योग मी करून बसले आहे.

मी अमेरिकेला निघाले तेव्हा साताऱ्यात आमच्या दारात भाड्याची सुमो उभी होती आणि तिच्यासमोर तात्या, म्हणजे माझे वडील, बॅगपाइप घेऊन उभे होते. पलटणीच्या बँडमध्ये त्यांची उभी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर पाइप माळ्यावर असायचा, मोठ्या प्रसंगालाच खाली उतरायचा. त्या दिवशी उतरला. तात्यांनी गाल फुगवले, गल्लीतली कुत्री पांगली आणि विमलची चाल सुरू झाली. मी रडायला लागले तर आई म्हणाली, “रडू नकोस. तुझं बघून त्यांचा श्वास चुकेल, चाल बिघडेल माझी.”

माझी. कारण लग्नाच्या वर्षी तात्यांनी ती तिच्यासाठी बांधली होती, हे आम्हाला स्वतःच्या आडनावाइतकं पक्कं माहीत होतं. तात्यांनी तिला कधी गजरा आणला नाही, सिनेमाला नेलं नाही, वर्षाचे दहा महिने ते कुठल्यातरी सीमेवर असत. शेजारणी नवऱ्यानं आणलेल्या साड्या दाखवायच्या तेव्हा आई एवढंच म्हणायची, “आमच्या यांनी चाल बांधली माझ्या नावानं.” शेजारणी साड्यांच्या घड्या घालायला लागायच्या.

आता आई ऐंशीची होतेय. तात्या नाहीत. ते गेले तेव्हा मी विमानात होते, आणि सगळं उरकल्यावर दारात जाऊन उभी राहिले. त्याबद्दल आई मला एक शब्द बोललेली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. तर सहस्रचंद्रदर्शनाला विमलची चाल वाजायला हवी, असं तिनं फर्मान काढलं. वाजवणार तात्यांच्या बँडमधले शिंदेमामा. पण मामांना ती अर्धीच आठवते, त्यांना लिहिलेले सूर लागतात. “तिकडं तुला सगळं मिळतं,” आई फोनवर म्हणाली, “एवढी लिहून आण. आणि खाली रचनाकार म्हणून यांचं नाव घाल. पत्रिकेवर छापायचंय.”

इतक्या वर्षांत आईनं मागितलेली ही पहिली वस्तू.

इथं अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, दर मंगळवारी एका चर्चच्या हॉलमध्ये स्कॉटिश नाच चालतो. ऑफिसातली मार्गारेट मला ‘एक्सरसाइज’ म्हणून ओढून घेऊन गेली आणि मी तिथली कायमची झाले. दिवसभर औषधांची क्वालिटी तपासणारी मी संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून उड्या मारते. तिथं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणारा डग्लस हा दातांचा निवृत्त डॉक्टर. फोनमधलं तात्यांचं रेकॉर्डिंग मी त्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं. चार सूर झाले नसतील, तो हसायला लागला.

“अगं, ही तर ‘जेनेट अ‍ॅट द वेल’.”

“जेनेट कसली? ही ‘बेट्सीज एप्रन’,” अ‍ॅकॉर्डियनवाली म्हणाली.

नाच शिकवणाऱ्या बाई दारातून ओरडल्या, “‘ग्रिझेल्स रील’! वाद घालू नका.”

मी रेकॉर्डिंग बंद केलं. डग्लसनं मला शांतपणे समजावलं की यात कुणाचं काही चुकत नाही. चाल एकाकडून दुसऱ्याकडं जाते, जिच्यासाठी वाजवली तिचं नाव तिला चिकटतं, पुढच्या गावात दुसरीचं. मूळ कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. पुढचे कित्येक दिवस मी जुनी पुस्तकं आणि वेबसाइट्स उपसत होते. मनात एकच इच्छा, की कुठंतरी एखादा सूर वेगळा निघावा, तात्यांचा म्हणून दाखवता यावा. एकही निघाला नाही. इंग्रजांच्या काळी साहेबाच्या बँडमास्तरानं पलटणीला शिकवलेली ती रील, म्हणजे नाचाची चाल, शिकवणारे गेले तरी बँडमध्ये राहिली असणार, आणि तिथून तात्यांनी ती उचलून घरी आणली असणार. सुटीत, बायकोसाठी, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

डग्लसनं सुंदर अक्षरात सूर लिहून दिले. वर शीर्षक: ‘विमल्स रील’. कोपऱ्यात रचनाकाराच्या जागी: ‘पारंपरिक’.

“तो कोपरा कोरा नाही ठेवता येणार?” मी विचारलं.

“नाव हवं ते देऊ,” तो म्हणाला, “पण बांधली कुणी, ते खोटं लिहीत नाही मी. सॉरी.”

घरी येऊन तो ‘पारंपरिक’चा कोपरा कापायला मी कात्री काढली. माझी लेक इरा, इथंच वाढलेली, दारात उभी राहून बघत होती.

“आई, आर यू सिरियसली फोर्जिंग आजोबा?”

“कोपरा फाटलाय, नीट करतेय.”

“आजीला सांग ना. शी इज नॉट अ बेबी.”

सांग म्हणे. आमचं घर काय आहे हे इराला कुणी सांगावं? आई पडली, हात मोडला, ते मला प्लास्टर निघाल्यावर कळलं. माझी नोकरी सुटली, ते तिला दुसरी लागल्यावर. मला विचाराल तर घर म्हणजे आता ती जागा, जिथली माणसं एकमेकांसाठी बातम्या चाळणीतून काढतात. खडे स्वतःकडं ठेवायचे, पीठ पलीकडं पाठवायचं. मी निघून आले म्हणून ही चाळणी आली, आणि आता त्या चाळणीपाशी मी आईला नवऱ्यानं दिलेली एकुलती एक भेट घेऊन उभी होते.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ. आई पत्रिकेचा नमुना हातात धरून बसलेली. मी हवापाणी विचारलं, शिंदेमामांचा दमा विचारला. इरानं टेबलाखालून मला लाथ मारली. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चाल तात्यांची नाही. फार जुनी आहे. स्कॉटलंडची आहे.

आईनं चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा लावला नाही. वाटलं, ऐंशीव्या वर्षी हिला दुसऱ्यांदा विधवा केली ती मी.

“नाव काय म्हणालीस तिचं?” तिनं विचारलं.

“एक नाही गं. कुणी जेनेटची म्हणतं, कुणी बेट्सीची, कुणी ग्रिझेलची.”

“या कोण?”

“बायका असतील तिथल्या. ज्यांच्यासाठी कुणी वाजवली, त्यांची नावं पडली.”

आईनं पत्रिका खाली ठेवली. मग तिनं चष्मा चढवला, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि एकदम म्हणाली, “म्हणजे तिकडचे नवरेही असलेच मेले.”