पुरातले पंचनामे आणि आमची अब्रू

हुशार माणसांकडे प्रमोशनं साठतात, माझ्याकडे किस्से साठलेत. पनवेलच्या बाजूला मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावातले लोक ‘डाक्तर’ म्हणतात आणि मीही कधी दुरुस्त करत नाही. गाढी नदीला पूर आला की मेलेल्या जनावरांचे पंचनामे माझ्याकडे. सरकारची मदत मिळणार की नाही, हे माझ्या कागदावर ठरतं. शेतकऱ्यांचं नशीबच म्हणायचं!

* * *

मेलेल्या जनावराचा माझ्यासकट जागेवरचा फोटो मोबाइलवरून पाठवावा लागतो. बैलाशेजारी उभा राहायला गेलो आणि चिखलात सपशेल आडवा झालो. आमच्या तलाठी मॅडमनी नेमका तेव्हाच फोटो काढला आणि पाठवूनही दिला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

“यातला मृत कोणता?”

* * *

सुकापूरच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा लॅब्रेडॉर पुराचं पाणी बघून डिप्रेशनमध्ये गेला होता. त्याला मदत बसते का, असा त्यांचा अर्ज. सरळ नाही म्हणायचं सोडून मी अर्धा दिवस जीआर चाळला आणि ‘मार्गदर्शन व्हावे’ लिहून अर्ज वर पाठवला. वरून निरोप आला, कुत्र्याचं नंतर बघू, आधी तुम्ही कोणाला तरी दाखवून घ्या.

* * *

एकाची शेळी दगावली होती. मी गोठ्यात शिरलो, डोळे पाहिले, पाय हलवून पाहिला, गंभीर चेहऱ्याने ‘मृत’ लिहिलं. मालकाने माझं लिहून होऊ दिलं. मग हळूच म्हणाला, “डाक्तर, ही झोपलीय. मेलेली मागच्या अंगाला हाय.”

* * *

आता हिराबाईंचं सांगतो. एकटी बाई, एकच म्हैस, तिच्या दुधावर घर चालायचं. ती म्हैस पुरात बुडून मेली. मी कान पाहिले तर बिल्ला नाही. कानात सरकारी नंबराचा बिल्ला नसेल तर मदत नाही, असा नियम. मग काय, मी लागलो झापायला. एवढी शिबिरं घेतो, घरोघर फिरतो, तुम्हा लोकांना कळत कसं नाही, वगैरे वगैरे.

हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमी आल्ते की बिल्ला माराया,” त्या म्हणाल्या. “म्हशीनं लाथ उगारली, तसे तुमी कुंपणावरून उडी मारून जे गेलात, ते आजच आलात.”

पंचनामा लिहिणाऱ्या तलाठी मॅडमचं पेन थांबलं. मला सगळं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं कारण लिहिलं तर माझ्यावर नोटीस, नाही लिहिलं तर बाईची मदत बुडाली. मी घाम पुसला आणि म्हटलं, “मॅडम, लिहा. बिल्ला मारण्यास आलेला कर्मचारी म्हशीस घाबरून पळून गेला, सबब बिल्ला नाही. मालकिणीचा दोष नाही.”

मॅडमनी शब्दन् शब्द लिहिला. मग मान वर करून जमलेल्या लोकांना म्हणाल्या, “दोन पंच लागतील. आपल्या डाक्तरांना पळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले.”

सह्यांची रांग पार गावच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेली.