मडगार्डवरचं नाव

आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत एक ओळ छापून आली आहे: ‘ज्येष्ठांसाठीची बॅटरी गाडी चालकाच्या निष्काळजीपणामुळे बंद करावी लागली.’ ती वाचली तेव्हा मी चहा पीत होतो. कप तसाच खाली ठेवला. लिहिणाऱ्याचा राग आला. पण ती ओळ लोकांना खरी वाटावी, याची सोय मीच करून ठेवली होती, त्याचा राग जास्त आला. चालकाची काडीचीही चूक नव्हती. चूक कोणाची होती ते मला ठाऊक आहे.

आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या चौकात ऑटोवाले उतरवून देतात. तिथून मंडळाच्या सभागृहापर्यंतची गल्ली चढाची आणि उखडलेली. गुडघे गेलेली आमची म्हातारी माणसं काही वर्षांपूर्वी गणपतीत आरतीला यायची बंद झाली होती, त्यांत माझी मोठी बहीण, ताईही होती. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी वडिलांच्या स्मरणार्थ एक जुनी गोल्फ कार्ट घेऊन दिली. साहेबलोक गोल्फच्या मैदानात फिरवतात ती, बॅटरीवर चालणारी, उघडी गाडी. हिरवळीवर चालायची सवय असलेल्या गाडीचं पोट आमच्या गल्लीतल्या दगडांना लागू लागलं. मग अध्यक्षांनी ती कुठूनशी उंच करून आणली आणि खाली मोठे टायर चढवले. गाडी रुबाबदार दिसू लागली. पण माणसं बसली की चाकं घासायची. वळवली की पुढचा टायर मडगार्डच्या कडेला लागायचा, खर्रकन आवाज व्हायचा आणि जळक्या रबराचा वास सुटायचा.

मी खमरियाच्या फॅक्टरीत गाड्यांच्या विभागात फोरमन होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. गाडी चालवायला माझ्याच हाताखाली ड्रायव्हर राहिलेला, रांझीचा एक निवृत्त माणूस होता. मूळचा अमरावतीकडचा. मला अजून साहेब म्हणायचा, पण टोमणा मारताना मागेपुढे पाहायचा नाही. ताईवर त्याचा जीव. तिला तो पुढच्या सीटवर आपल्या शेजारीच बसवायचा, आणि ती त्याच्यासाठी मोदकांचा डबा वेगळा बांधून आणायची. आरतीच्या झांजा त्याच्या हातात असायच्या, दुसऱ्या कोणाला तो ठेका जमायचा नाही.

गणपती तोंडावर होते. मी मंडळाच्या अंगणातच गाडी खोलली. मागच्या कमानपाट्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भार आला की बसत होत्या. त्यांत जादा पाटा घातला, मागचं घासणं थांबलं. उंच केल्यामुळे पुढची चाकं तिरपी झाली होती, ती सरळ केली. ती आतल्या बाजूने स्टेअरिंगच्या दांडीला लागत होती, म्हणून चाक थोडं बाहेर ढकलणाऱ्या चकत्या टाकल्या. आतलं थांबलं, बाहेरचं वाढलं. आता एकच इलाज उरला होता. मडगार्डची कड दोन बोटं कापायची. मडगार्ड प्लास्टिकचं. आरीचं काम, सकाळी सुरू केलं तर चहाच्या आत संपेल.

पण त्याच कडेवर, दोन्ही बाजूंना, अध्यक्षांनी पेंटरकडून वडिलांचं नाव लिहून घेतलं होतं. आपल्याकडे पंखा दिला तर पात्यावर नाव, बाक दिलं तर पाठीवर नाव. इथे अक्षरं इतकी मोठी काढली होती की आडनाव थेट कडेला टेकलं होतं. मी म्हटलं, थोडं वर सरकवून पुन्हा लिहून घेऊ. चालक तिथेच उभा होता.

“साहेब, नाव तर तसंही घासून घासून मिटूनच राहिलं,” तो म्हणाला. “कापा न.”

अध्यक्षांना ते झोंबलं. त्याच्याकडे न पाहता ते मला म्हणाले, “देखो काका, बाबांच्या आडनावावर आरी चालवायची? सणाच्या तोंडावर? तुम्ही फोरमन होते न. दुसरं काहीतरी करा.”

दुसरं काही नव्हतं. हे मी तिथेच सांगायला हवं होतं. त्या प्लास्टिकच्या तुकड्यावरच्या रंगासाठी माणसं धोक्यात घालणारा तो माणूस, माना डोलावणारी ती कमिटी, आणि तिच्यातच बसून मान डोलावणारा मी! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मी स्टेअरिंगच्या जोडाजवळ दोन्ही बाजूंना बोल्ट बसवले. चाक पुरतं वळण्याआधीच अडायचं. घासणं बंद झालं, होणारच होतं. टायर मडगार्डपर्यंत पोचतच नव्हता. दुरुस्ती म्हणतात ती ही नव्हे. गाडीला वळायला आता जास्त जागा लागणार होती, आणि गल्लीच्या तोंडाशी, उघड्या नालीला लागून, अडचणीचं वळण होतं. मला ते रोज दिसत होतं.

स्थापनेच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं. अध्यक्षांनी माझ्या कसबाचं भाषण ठोकलं. चालकाला बाजूला घेऊन, वळण लांबून घे, नाही जमलं तर मागे घेऊन पुन्हा घे, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर बोल्ट उघडे पडले असते, आणि शाल अंगावर होती. त्यानेच एकदा विचारलं, स्टेअरिंग मधेच काहून अडून राहिलं? मी म्हटलं, नवीन काम आहे, सैल होईल.

वळणाची बाहेरची बाजू मोकळी होती तोवर निभावलं. गौरीजेवणाच्या दिवशी तिथे मोटरसायकलींची रांग लागली. जेवून परतणाऱ्यांना घेऊन तो उतारावरून खाली आला, वळवायला गेला आणि पुढचं चाक सरळ नालीत गेलं. ताई बाहेर फेकली गेली. खुब्याचं हाड मोडलं.

लोक धावले. तिला उचलून ऑटोत घातलं. कोणीतरी म्हणालं, हा तंबाखू मळत होता. तो पांढराफटक पडून माझ्याकडे आला.

“साहेब, स्टेअरिंग पुरं फिरवलं होतं. गाडी वळूनच नाही राहिली.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. अध्यक्षही.

“पूर्ण फिरवलं असतंस तर वळली असती,” मी म्हणालो.

बस, एवढंच. त्यानंतर कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन ते बोल्टही काढून टाकले. तो पुन्हा मंडळात आला नाही. झांजा कपाटात काळ्या पडल्या. ताई काठीशिवाय कधी चालली नाही. तो भेटायला आला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मी त्याला दारापर्यंत पोचवून आलो. त्याच्याबद्दल मनात तेच धरून ती गेली.

स्मरणिका हातात घेऊन मी अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ओळ मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आता बाबांचं नाव उगीच मधे येईल. म्हणजे यांच्या बाबांचं नाव आजही कडेला टेकलेलं आहे, आणि एका जिवंत माणसाचं नाव छापील ओळीने काळं केलं तरी चालतं! मी त्यांच्या घरातून निघालो, आयुष्यात पहिल्यांदा चपला न शोधता अनवाणी, आणि तसाच ऑटोत बसून रांझीला गेलो.

तो अंगणात खाटेवर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. मडगार्ड, बोल्ट, शाल, माझं ते वाक्य. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, “ताईंना सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग मला काय सांगून राहिले, साहेब. मला तर माहीत होतं, मी फिरवलं होतं म्हणून.”

त्याची सून दारात येऊन उभी राहिली, चहा ठेवू का म्हणून. त्याने हातानेच नको म्हटलं. माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि उठून आत गेला.