फोटो वापरला तर चालंल का?

गळ्यात कॅमेरा अडकवला की माणसाकडे फोटो साठतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या दुप्पट किस्से साठतात, हे कुणी सांगत नाही. फोटो निदान मोबाइलमधून पुसता तरी येतात. किस्से डोक्यातच राहतात, आणि रविवारी सकाळी रंकाळ्यावर चहा पिताना एकाने एक काढला की दुसऱ्याचा आपोआप बाहेर येतो.

आमचा चौघांचा कंपू आहे. माझा छोटा स्टुडिओ. देसाई सर ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालेले, आता पक्ष्यांच्या मागे हिंडतात. माधुरी हुपरीची सून, दागिन्यांचे फोटो काढते. आणि बबन, कागलकडची निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलीत. आम्ही काढलेले फोटो नेटवर टाकतो, आणि मग कुठल्यातरी दुकानदाराचा फोन येतो, 'तुमचा तो फोटो दुकानासाठी वापरला तर चालंल का?'

पूर्वी कुणी विचारत नव्हतं, सरळ उचलायचे. तेव्हा राग यायचा. विचारायला लागल्यापासून धक्के बसायला लागलेत.

*

पहिला माझाच सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपीस, गळ्यात घुंगरं. बावड्याच्या आक्काताईंची राणी नावाची म्हैस त्या वर्षी अशी काही नटली होती की मी तिचे फोटो काढता काढता नवरदेवाच्या वरातीतही पळत नाही तेवढी पळाले. एक फोटो झकास आला.

काही दिवसांनी पेठ वडगावहून एका पशुखाद्याच्या दुकानदाराचा फोन. अतिशय नम्र माणूस. त्याला राणीचा फोटो दुकानाच्या पाटीवर आणि पोत्यांवर हवा होता. मी म्हटलं, माझी हरकत नाही, पण म्हैस माझी नव्हे, मालकिणीला विचारते. तो म्हणाला, मीच येतो की विचारायला. आणि खरंच आला, सोबत खाद्याचं पोतं घेऊन.

मला वाटलं, आक्काताई खूश होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोत्यात हात घालून मूठभर खाद्य काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या की पाटीवर राणीचा फोटो म्हणजे राणी हेच खाते असा अर्थ झाला. मग आधी तिला विचारायला पाहिजे. उठून गोठ्यात गेल्या आणि ती मूठ राणीच्या तोंडापुढे धरली.

राणीने हुंगलं. एक जोरदार फुसकारा सोडला, सगळं खाद्य दुकानदाराच्या पांढऱ्या शर्टावर उडवलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

आक्काताईंनी हात पदराला पुसले. "ती न्हाय म्हणतीया, पावणं. आता मी तरी काय करू?"

दुकानदार बराच वेळ म्हशीच्या पाठीकडे बघत उभा होता. पुढे त्याच्या पाटीवर कुठल्याशा परदेशी गाईचा फोटो लागला. तिला कुणी विचारलं नसावं.

*

देसाई सरांना एकदा कागलच्या बियाणं-औषधांच्या दुकानातून फोन आला. सरांनी काढलेला गव्हाणी घुबडाचा फोटो त्याला पाहिजे होता. सर हरखले. घुबडाला आपल्याकडे अशुभ म्हणतात, आणि हा माणूस दुकानात लावतो म्हणतोय. कशासाठी, असं त्यांनी सहज विचारलं. तर म्हणाला, उंदराच्या विषाच्या जाहिरातीला. घुबड उंदीर मारतं, आमचं औषधबी मारतं.

सर आम्हाला सांगताना म्हणाले, मला घाम फुटला. कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही मरतं. म्हणजे मरणाऱ्याचाच फोटो मारणाऱ्याच्या डब्यावर. सरांनी फोनवर त्याला शाळेत शिकवावं तसं सगळं समजावलं. एक घुबड रात्रभरात किती उंदीर खातं, त्याची पिल्लं किती खातात, सगळं. दुकानदाराने मध्ये एकदाही बोलणं तोडलं नाही. शेवटी म्हणाला की हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आता तुम्हीच सांगा काय करू.

सरांनी अट घातली. फोटो फुकट घ्या, पण खाली ठळक लिहा, 'शिवारात हा पक्षी असेल तर विष वापरू नका.' त्यांना वाटलं होतं की विषय इथेच संपेल. पण त्या भल्या माणसाने तो फलक शब्दशः तसा करून गल्ल्याच्या वर लावला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी खचलेला.

"सर, तुमचा बोर्ड सगळी थांबून वाचाय लागल्यात. आन वाचून झाल्यावर घरला जाय लागल्यात."

त्याने फलक काढला नाही, हे मात्र सर प्रत्येक वेळी सांगतात.

*

माधुरीच्या सासूबाई, ज्यांना ती आत्ती म्हणते, त्यांनी जन्मात फोटो काढू दिलेला नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. पण एकदा त्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, पायांवर कोवळं ऊन पडलं होतं, आणि पायांत त्यांच्या माहेरचे जुने जाड पैंजण होते. माधुरीने लांबून फक्त पायांचा फोटो काढला. चेहरा नाही, काही नाही. नेटवर टाकला.

गावातल्याच एका चांदीवाल्याने नवीन दुकान काढलं होतं. त्याने विचारलं, हा फोटो वापरू का? माधुरीला वाटलं, डबीवर एखादं स्टिकर लावेल. हो म्हणाली. आत्तींना काही सांगितलं नाही, कारण पाय काय, कुणाचेही असतात.

एका दुपारी सासरे बाहेरून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि मान वर न करता म्हणाले की, नाक्यावर तुझ्या सासूचे पाय लागलेत.

माधुरीची भाकरी तव्यावरच राहिली. आत्तींनी चपला घातल्या आणि त्या निघाल्या. मागोमाग माधुरी. नाक्यावर पोचल्या तर दुमजली घराएवढा बोर्ड. एकेक बोट वरवंट्याएवढं. पैंजणांची कडी न् कडी दिसत होती, आणि टाचांच्या भेगाही.

आत्ती बघत उभ्या राहिल्या. बाजारातून येणाऱ्या बायकाही थांबल्या. एकीने पैंजणांचं कौतुक केलं, दुसरी म्हणाली पाय किती ठसठशीत आहेत, कुणाचे असतील बाई? माधुरीने डोळे मिटून घेतले.

आत्ती शांतपणे म्हणाल्या, "असत्याल कुणातरी नटीचं."

त्या दिवसापासून दुधावरची साय मात्र घरात कुणाला खायला मिळत नाही. ती टाचांना लागते.

*

बबनचा किस्सा तो स्वतः फारसा सांगत नाही, आम्हीच त्याला सांगायला लावतो.

कागलला एका बाईने ब्यूटी पार्लर काढलं. तिला दारावर लावायला नवरीचा फोटो हवा होता आणि बबनच्या अल्बममधली एक नवरी तिच्या डोळ्यांत भरली होती. मुंडावळ्या बांधलेली, नवऱ्याकडे बघून हसणारी. बबनचा नियम आहे, नवरीला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुणाला द्यायचा नाही. त्याने नंबर शोधला आणि नेहमीच्या उत्साहात फोन लावला. काय वहिनी, कसं काय, पावणं काय म्हणत्यात, वगैरे सगळं एका दमात बोलून मग कामाचं विचारलं.

ती मुलगी सावकाश म्हणाली की, ती माहेरी परत आली आहे. आता कायमची. तिकडे काय काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. बबन माफी मागून फोन ठेवणार, एवढ्यात तिने विचारलं, फोटो अजून आहे का तुमच्याकडं?

आहे म्हणाला.

"मग लावा की. मी चांगली दिसतोय त्यात. शेजारचा माणूस तेवढा काढून टाका."

बबनने त्याला कापला. एका खांद्याचा कोपरा राहिला होता, तिथे पार्लरवाल्या बाईने गुलाबाचं फूल छापून घेतलं. बोर्ड लागला त्या आठवड्यात ती मुलगी स्वतः बघायला आली. बाहेर उभी राहून आपल्याच हसण्याकडे बराच वेळ बघत होती, मग आत गेली आणि काम शिकवाल का म्हणून विचारलं. आता नवऱ्या तो बोर्ड बघून आत येतात, असाच मेकअप पाहिजे म्हणतात, आणि तो त्यांना तीच करून देते. एकीनेही अजून ओळखलेलं नाही.

*

आता तात्यांचं सांगते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. काकी गेल्यापासून आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात, जेवण आमच्याकडे. त्यांना एक मुलगा, सुरेशदादा. घराच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं, तो बायको-मुलांना घेऊन पेठ वडगावला गेला आणि तिथेच दुकान टाकलं. त्यानंतर बोलणं बंद. नातेवाइकांनी मध्यस्थी केली, मी दोनदा जाऊन आले. दादा म्हणायचा, बोलावलं तर येतो. तात्या म्हणायचे, त्याचंच घर आहे, बोलावू कशाला? दोघेही ताठ.

तात्या दारात शेंगा फोडत बसलेले असताना मी त्यांचा एक फोटो काढला होता. कशावरून तरी मनापासून हसलेले, तोंडात दात मोजकेच, पण चेहरा असा उजळलेला की बघणाऱ्याला हसू यावं. स्टुडिओच्या पेजवर तो पहिलाच फोटो आहे.

वडगाव रस्त्याला एक डिजिटल बोर्ड छापणारा आहे. वाढदिवस, अभिनंदन, निवडणूक, सगळं छापतो. त्याचा फोन आला. काकांचा फोटो नमुन्याच्या बोर्डासाठी वापरू का? मला वाटलं वाढदिवसाचा असेल. तरी कशाचा ते विचारलं, हे बरं झालं.

"न्हाय, श्रद्धांजलीचा."

मी म्हटलं, अहो, ते जिवंत आहेत.

"म्हणून तर विचारतोय, मॅडम. गेलेल्या माणसाचा लावला की घरच्यास्नी वाईट वाटतं."

मी स्पष्ट नाही म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी तात्यांना वाढताना मात्र मी ते गंमत म्हणून सांगितलं. तात्या खूप हसले, ठसका लागेपर्यंत. पाणी प्यायले, आणि दुकान कुठेशी आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. विषय संपला.

मग एके दिवशी सकाळी सकाळी सुरेशदादाचा फोन. आधी नुसतं रडणं. एवढ्या मोठ्या माणसाला मी असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. मधूनमधून शब्द कळत होते. मला का कळवलं नाही, मी काय मेलो होतो काय, मातीला तरी बोलवायचं होतं.

रात्री जेवून गेलेले तात्या. मी फोन तसाच हातात धरून शेजारी पळाले, दार ढकललं.

तात्या चहात चपाती बुडवून खात होते.

मी फोनमध्ये ओरडून सांगायला लागले, पण दादाने केव्हाच फोन ठेवला होता. मी तात्यांना विचारलं, दादा असं का म्हणतोय? ते म्हणाले, कसं म्हणतोय? आणि दुसरी चपाती घेतली.

दादा आला तेव्हा पायात चप्पल नव्हती. मोटरसायकल स्टँडवरही लावली नाही, ती तशीच आडवी पडली. दारात आला आणि आत बघून चौकटीला धरून उभा राहिला. तात्यांनी त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलास? पाय धू जा. चिखलाचं हायत."

दादा उंबऱ्यावरच बसला आणि ढसाढसा रडला. तात्यांनी मला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितलं, साखर जास्त घाल म्हणाले.

चहा पिताना दादाने श्रद्धांजलीच्या बोर्डाचं सांगितलं, तशी मी तडक त्या बोर्डवाल्याकडे गेले. नाही म्हणून सांगितलं असताना माझा फोटो वापरतोस, माणसाचा जीव गेला असता तर कोण जबाबदार, असं जे तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बसायला खुर्ची दिली.

"मॅडम, तुम्ही न्हाय म्हणलासा, मी गप बसलोतो. काका सोताच आले. फोटो माझा हाय, लाव म्हणले. मी म्हणलो, बरं, दुकानाच्या दारात लावतो. तर म्हणले, हितं कोण बघतंय? वडगावच्या फाट्यावर लाव. आन सकाळच्या पारी लाव, दुकानं उघडायच्या आदी."